माणशी किती जमीन लागते?

आधी एक हेक्टर डोळ्यांसमोर आणा. शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद. एकरांत बोलायचं तर जवळपास अडीच, गुंठ्यांत बोलायचं तर शंभराला एखाददुसरा कमी. त्याच्या कडेकडेने चालत फेरी मारली तर पाच मिनिटांत परत जागेवर येता. या लेखातली बहुतेक मोजणी या एकाच तुकड्यावर करू. 'दर चौरस किलोमीटरला वीस हजार' असा आकडा वाचला की मान डोलावून पुढे जाता येतं, पण नजरेसमोर काही उभं राहत नाही.

या तुकड्यावर माणसं किती राहतील? अमेरिकन वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांनी १९३० च्या दशकात आपल्या कल्पनेतली आदर्श वस्ती मांडली. तिच्यात दर कुटुंबाला निदान एक एकर. चौघांचं कुटुंब धरलं तर आपल्या हेक्टरवर माणसं झाली दहा. त्याच्या तीसेक वर्षं आधी, १८९८ मध्ये, इंग्लंडमध्ये एबेनेझर हॉवर्ड यांनी उद्यान-नगराचा आराखडा केला होता: हजार एकरांवर तीस हजार माणसं आणि भोवती शेती. शेती सोडली तर हेक्टरी पंचाहत्तर. आजच्या पॅरिस शहरात हेक्टरी दोनशे. बार्सिलोनाच्या एशाम्पला भागात साडेतीनशे. १९१० सालचं न्यूयॉर्कमधलं मॅनहॅटन बेट चारशेला टेकलेलं होतं. आणि टोकाला हाँगकाँगमधली कौलून वॉल्ड सिटी. १९८७ च्या सरकारी पाहणीत तिथे २.६ हेक्टरांवर सुमारे ३३,००० लोक राहत होते. हेक्टरी साडेबारा हजार! माणशी जमीन पाऊण चौरस मीटरच्या जरा वर. उताणा झोपलेला माणूससुद्धा याहून जास्त जागा अडवतो.

तुकडा तोच, माणसं दहापासून साडेबारा हजारांपर्यंत. मग 'माणसाला किती जमीन लागते' या प्रश्नाला काही उत्तर आहे का? आहे, पण त्यासाठी दोन गोष्टींची गल्लत आधी सोडवावी लागते.

घनता म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कौलूनसारखं काहीतरी येतं. ते चित्र खोटं नव्हतं. तिथल्या इमारती एकमेकींना चिकटून तेरा-चौदा मजल्यांपर्यंत गेल्या होत्या. त्याहून वर चढल्या नाहीत, कारण शेजारच्या काय ताक विमानतळावर उतरणारी विमानं डोक्यावरून जात. खालच्या बोळांत भरदुपारी दिवे लावावे लागत, वरून पाइपांचं पाणी टपकत असे. १९९३-९४ मध्ये ती सगळी वस्ती पाडून तिथे बाग केली. पण जीव गुदमरवते ती घनता नव्हे, दाटी. घनता जमिनीवर मोजतात, दाटी खोलीत. एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसं राहत असतील तर ती दाटी, असं संयुक्त राष्ट्रांची वसाहतविषयक संस्था यूएन-हॅबिटॅट मानते. उजाड माळावर एकच झोपडी आहे आणि तिच्यात आठ जण राहतात, तर तिथे घनता नसल्यासारखी आहे, दाटी मात्र भरपूर. उलट, चांगल्या सहा मजली इमारतीत दोघांना तीन खोल्या असतील तर घनता चांगलीच असूनही दाटीचा पत्ता नसतो.

मॅनहॅटनचं उदाहरण यासाठीच लक्षात ठेवण्यासारखं. १९१० मध्ये त्या बेटावर २३ लाखांहून जास्त माणसं राहत होती. आज १७ लाखांच्या आसपास. मधल्या शंभर वर्षांत तिथे जगप्रसिद्ध गगनचुंबी इमारती उभ्या राहिल्या आणि रहिवासी मात्र सहा लाखांनी घटले. इमारती उंच झाल्या म्हणजे माणसं जास्त मावली, हे जे आपण गृहीत धरतो, ते इथे सपशेल आपटतं. १९१० मध्ये लोअर ईस्ट साइडच्या पाच-सहा मजली चाळवजा इमारतींत दोन-तीन खोल्यांत अख्खं कुटुंब राहायचं, वर एखाद-दोन पोटभाडेकरू. आज तेवढ्याच जागेत एकटा माणूस राहतो, आणि बेटाचा बराच भाग कार्यालयांनी व्यापलाय. पॅरिसचंही तेच. १९२१ मध्ये शहरात २९ लाख लोक होते, आता २१ लाख. इमारती बव्हंशी त्याच.

थोडं गणित

हेक्टरवर किती माणसं राहतील हे तीन आकड्यांवर ठरतं. पहिला, त्या हेक्टरपैकी किती जमीन घरांच्या प्लॉटांखाली आहे. बाकीची रस्ते, शाळा, मैदानं, दवाखाने यांच्याकडे जाते. दुसरा, त्या प्लॉटांवर किती पट बांधकाम झालंय. यालाच एफएसआय म्हणतात, सरकारी मराठीत चटई क्षेत्र निर्देशांक. हजार चौरस मीटरच्या प्लॉटवर सगळे मजले मिळून दोन हजार चौरस मीटर बांधकाम असेल तर एफएसआय दोन. तिसरा, दर माणसाच्या वाट्याला किती बांधकाम येतं.

समजा, अर्धी जमीन प्लॉटांखाली आहे, एफएसआय दोन, आणि जिने-भिंती धरून माणशी २५ चौरस मीटर बांधकाम. ५,००० गुणिले २ भागिले २५. हेक्टरी चारशे माणसं. आता लोक सुखवस्तू झाले, माणशी ५० चौरस मीटर वापरू लागले. चारशे माणसं तेवढीच ठेवायची तर एफएसआय चार करावा लागेल. बांधकाम दुप्पट आणि माणूस एकही वाढला नाही. मॅनहॅटनमध्ये हेच झालं, नव्हे, तिथे माणशी जागा एफएसआयपेक्षाही जोरात वाढली. म्हणून 'एफएसआय वाढवला की गर्दी वाढणार' हे वाक्य ऐकलं की मी आधी विचारतो, माणशी चटई किती धरलीय?

याच्या पुढचं गणित मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते फारसं कोणी मांडत नाही. माणसाला घराखालची जमीन लागते तशी घराबाहेरचीही लागते: चालायला रस्ता, पोरांना शाळा, खेळायला मैदान. ही बाहेरची जमीन मजले चढवून वाचत नाही. माणसं दुप्पट झाली की शाळेतली मुलंही दुप्पट होतात. हिशेबासाठी ही बाहेरची जमीन माणशी १५ चौरस मीटर धरू आणि घराचं बांधकाम माणशी २५.

एफएसआय अर्धा असेल, म्हणजे अंगणवाली बैठी घरं, तर घराखाली माणशी ५० आणि बाहेर १५, एकूण ६५ चौरस मीटर जमीन. एफएसआय एक केला की एकूण ४०. दोन केला की साडेसत्तावीस. चार केला की सव्वाएकवीस. आठ केला की अठराच्या जरा वर. प्रत्येक पायरीला बांधकाम दुप्पट होतंय, पण वाचणारी जमीन बघा: आधी २५, मग साडेबारा, मग सव्वासहा, शेवटी तीन चौरस मीटर. बैठ्या घरांवरून चार-पाच मजल्यांवर येताना जमिनीची मोठी बचत होते. त्यानंतर आणखी मजले चढवत गेलं तर हाती चिल्लर लागते आणि खर्च वाढतच जातो: लिफ्ट, पाणी वर चढवायचे पंप, आगीपासून बचावाची यंत्रणा. शिवाय उंच इमारती एकमेकींचा उजेड अडवतात, म्हणून त्यांच्यात अंतर सोडावं लागतं. वर कमावलेली जमीन खाली सोडायची.

चौकोनाचा काठ

फार मजले न चढवता इतकी माणसं बसवायची कशी? आपल्या हेक्टरकडे परत येऊ. त्याच्या काठाने पंधरा मीटर रुंदीचा पट्टा आखा, चारही बाजूंनी. मधे सत्तर बाय सत्तरचा चौकोन उरतो. कागदावर काढलं तर मधला चौकोन ऐसपैस दिसतो आणि पट्टा नुसती चौकट. आता क्षेत्रफळ काढा: मधल्या चौकोनाचं ४,९००, चौकटीचं ५,१००. नजर इथे साफ फसते. काठाला वाटते त्याहून कितीतरी जास्त जागा असते. केंब्रिजमध्ये लेस्ली मार्टिन आणि लायनेल मार्च यांनी १९६० च्या दशकात याच तत्त्वावर दाखवून दिलं, की मधे मनोरे उभे करण्याऐवजी काठाकाठाने इमारती बांधल्या तर तेवढंच बांधकाम बऱ्याच कमी उंचीत बसतं.

पंधरा मीटर खोलीची इमारत मधे अंधारी होते, म्हणून बारा धरू. काठाने बारा मीटरची इमारत, मधे ७६ बाय ७६ चा चौक. एका मजल्यावर ४,२२४ चौरस मीटर, पाच मजल्यांवर २१,१२०. माणशी २५ ने सव्वाआठशेच्या वर लोक. एवढंच बांधकाम ३२ बाय ३२ च्या एकाच मनोऱ्यात करायचं झालं तर एकवीस मजले लागतात. मनोरा जमीन जास्त मोकळी सोडतो, हे कबूल करायला हवं: जवळपास नऊ हजार चौरस मीटर, तर चौकात पावणेसहा हजार. पण मनोऱ्याभोवतीची जमीन कुणाच्याच अंगणात नसते. तिथे गाड्या लागतात, वळणं निघतात, कडेला हिरवळीच्या पट्ट्या उरतात. चौकावर चारही बाजूंच्या खिडक्यांची नजर असते, पाचव्या मजल्यावरून पोराला हाक मारता येते. एकविसाव्यावरून फोन करावा लागतो.

बार्सिलोनाचा एशाम्पला भाग जवळजवळ याच मापाचा आहे. इल्दफोन्स सर्दा या अभियंत्याने १८५९ मध्ये त्याचा आराखडा केला: ११३ मीटर बाजूचे चौकोन, मधे २० मीटरचे रस्ते, चौकोनांचे कोपरे छाटलेले, म्हणजे वळणावर पलीकडचं दिसतं. त्याच्या मनात प्रत्येक चौकोनाच्या दोनच बाजूंना इमारती आणि मधे बाग होती. जमीनमालकांनी चारही बाजू भरल्या, वर मजले चढवले, चौकातही शेड घातल्या. आजची हेक्टरी साडेतीनशेची घनता अशा वाकवलेल्या आराखड्यातून आलेली आहे. गेल्या काही दशकांत काही चौक परत मोकळे करून बागा केल्यात. मूळ आराखडा पाळला असता तर माणसं कमी मावली असती. आज आहे तो भाग शहराला आवडतो, पण त्यात झाडं हवीच होती.

आता एक तुलना, जी मला पहिल्यांदा सुचली तेव्हा मी दोनदा पडताळून पाहिली. आपत्तीनंतरच्या मदतकार्यासाठी स्फिअर नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. त्यांनुसार निर्वासितांच्या छावणीत माणशी निदान साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा हवी, आणि वाटा, संडास, स्वयंपाकाची जागा वगैरे धरून छावणीची एकूण जमीन माणशी ४५ चौरस मीटर. पॅरिसची दोन मोठी वनोद्यानं, नदी, स्मारकं, कार्यालयं, रेल्वे स्थानकं सगळं धरून तिथे माणशी जमीन ५० चौरस मीटर. म्हणजे तंबूंची छावणी आणि जगातलं एक देखणं शहर जवळपास सारखीच जमीन वापरतात. फरक इतकाच की पॅरिसकराच्या वाट्याला साडेतीनऐवजी तीसेक चौरस मीटर घर येतं. तंबूवर तंबू चढवता येत नाही.

आणि मोटारगाडी? एक गाडी उभी करायला साधारण अडीच बाय पाच मीटर लागतात. आत-बाहेर करायची वाट धरली तर हा आकडा पंचवीस चौरस मीटरपर्यंत जातो. वरच्या गणितात आपण माणसाच्या अख्ख्या घरासाठी एवढंच बांधकाम धरलं होतं.

भागाकार कशाने केला?

घनतेचा कुठलाही आकडा समोर आला की आधी हे विचारावं. हाँगकाँगची लोकसंख्या ७५ लाख, क्षेत्रफळ सुमारे १,१०० चौरस किलोमीटर. भागा: हेक्टरी ६८. हॉवर्डच्या उद्यान-नगराहूनही कमी! पण हाँगकाँगचा फक्त चौथा हिस्सा बांधलेला आहे, बाकी डोंगर आणि राखीव उद्यानं. बांधलेल्या जमिनीने भागलं की २७० च्या आसपास. आणि निव्वळ घरांखालची जमीन तर एकूण क्षेत्राच्या सात टक्क्यांच्या घरात. तिने भागलं की हेक्टरी साडेनऊशेच्या वर. तिन्ही आकडे खरे आहेत, आणि ज्याला जे सिद्ध करायचंय तो ते उचलतो.

सरासरीचीही अशीच गंमत. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत उपनगरांसह मोजलेला लॉस एंजेलिसचा नागरी पट्टा न्यूयॉर्कच्या पट्ट्यापेक्षा दाट निघाला: हेक्टरी २९ विरुद्ध २३. लॉस एंजेलिसच्या उपनगरांत लहान प्लॉटांवर ओळीने घरं आहेत. न्यूयॉर्कच्या बाहेरच्या उपनगरांत झाडीत लपलेले मोठे बंगले, आणि मॅनहॅटनचे लाखो रहिवासी त्या पसाऱ्याच्या सरासरीत विरघळून जातात.

घराला अर्धा, पोटाला साठ

मग जगात जमीन पुरेल का? माणसांची संख्या २०२२ च्या नोव्हेंबरात आठशे कोटी झाली. सगळ्यांना पॅरिसच्या घनतेने एकत्र वसवलं तर चार लाख चौरस किलोमीटर लागतील, जपानहून किंचित जास्त. राइट यांच्या स्वप्नाप्रमाणे कुटुंबाला एक एकर दिला तर ऐंशी लाख चौरस किलोमीटर, म्हणजे अख्खं ऑस्ट्रेलिया भरून थोडी माणसं बाहेर उरतील. एकाला वीस असं हे प्रमाण.

पण शेतीचा आकडा यापेक्षा फार मोठा आहे. जगात शेती आणि चराई मिळून सुमारे ४८० कोटी हेक्टर जमीन वापरात आहे. माणशी साठ गुंठे: त्यातले वीस पिकांचे, चाळीस गुरांच्या चराईचे. पॅरिसच्या हिशेबाने शहरात लागतो अर्धा गुंठा. माणसाची जमिनीची भूक मुख्यतः ताटातून येते, घरातून नाही. शहरं पसरली म्हणून जगाची जमीन संपेल, या भीतीत दम नाही. मात्र शहरं पूर्वीपासून नदीकाठच्या सुपीक जमिनीशेजारी वसली, त्यामुळे ती पसरतात तेव्हा अनेकदा चांगली काळी जमीन गिळतात. तक्रार करायची तर ती करावी.

एवढी जमीन असताना शहरातला तुकडा सोन्याच्या भावाने का विकला जातो? कारण लोक जमिनीचे पैसे देतच नाहीत. ते वेळेचे देतात. चेझारे मार्केट्टी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये निरीक्षण मांडलं, की कुठल्याही काळात आणि कुठल्याही ठिकाणी माणूस रोजच्या जाण्यायेण्यात सरासरी तासभर घालवतो. अर्धा तास जायला, अर्धा यायला. पायी चालणारा अर्ध्या तासात अडीच किलोमीटर जातो. म्हणून पायी चालण्याच्या जमान्यातलं शहर व्यासाने पाच किलोमीटर, क्षेत्रफळाने वीसेक चौरस किलोमीटर. ताशी तीस किलोमीटरने नेणारी गाडी आली की अर्ध्या तासात पंधरा किलोमीटर, आणि त्या वर्तुळात सातशे चौरस किलोमीटर. वेग सहापट, जमीन छत्तीसपट. वेगवान वाहतूक ही एका अर्थाने जमीन तयार करण्याची यंत्रणा आहे. रस्ते तुंबले आणि वेग निम्मा झाला की वर्तुळातली पाऊण जमीन हातची जाते.

मात्र रेल्वे आणि मेट्रोची एक अट असते: स्थानकापासून चालण्याच्या अंतरावर पुरेशी माणसं राहायला हवीत. यूएन-हॅबिटॅट नव्या वस्त्यांसाठी हेक्टरी निदान दीडशे माणसांची शिफारस करते. १९९० च्या सुमारास अटलांटा आणि बार्सिलोना ही नागरी क्षेत्रं लोकसंख्येने तुल्य होती, एकात २५ लाख, दुसऱ्यात २८ लाख. बार्सिलोनाची वस्ती १६२ चौरस किलोमीटरांत बसली होती. अटलांटाची ४,२८० मध्ये पसरली होती. नगररचनातज्ज्ञ अलँ बर्टो यांनी यावर एक साधा हिशेब केला. बार्सिलोनात तेव्हा ९९ किलोमीटर मेट्रो आणि १३६ स्थानकं होती, आणि साठ टक्के लोक स्थानकापासून सहाशे मीटरच्या आत राहत होते. अटलांटात तितक्याच लोकांना स्थानक तितकंच जवळ आणायचं तर आणखी ३,४०० किलोमीटर मार्ग आणि सुमारे २,८०० स्थानकं बांधावी लागली असती.